शिकारी प्राण्याचा वास बागेत कसा आला

हरणं, ससे, उंदीर बागेत घुसू नयेत म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी प्राण्याचं रक्त, हाडं, मूत्र नाहीतर अंडी वापरायची, हे ऑरगॅनिक गार्डनिंगच्या लाटेबरोबर आलंय असं बऱ्याच जणांना वाटतं. पण रोमन काळातल्या पॅलेडियसच्या शेतीवरच्या ग्रंथातसुद्धा खेकडे पाण्यात घालून, भांडं झाकून काही दिवस उन्हात ठेवायचं आणि ते पाणी झाडांवर शिंपडायचं, असा उपाय सापडतो. म्हणजे कुजलेल्या मांसाचा वास आला की झाडपाला खाणारा प्राणी लांब राहतो हा अंदाज तेव्हाही होता, फक्त का ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मग येतं हाडांचं तेल. योहान कोनराड डिप्पेल (1673–1734) ह्या जर्मन किमयागाराने जनावरांचे अवशेष बंद भांड्यात तापवून एक काळं, चिकट, भयंकर घाण वासाचं तेल काढलं आणि ते औषध म्हणून खपवलं, पुढे 19व्या शतकात थॉमस अँडरसनने ह्याच तेलातून पिरिडिन नावाचं रसायन वेगळं केलं. औषध म्हणून ते मागे पडलं पण वास काही कमी झाला नाही, त्यामुळे ब्रिटनमध्ये ते कोल्हे, कुत्री, मांजरं पळवायला बरीच वर्षं विकलं जायचं, नंतर युरोपियन युनियनच्या नियमांमुळे बंद झालं.

मूत्राची गोष्ट मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. कोल्ह्याचं, कोयोटीचं (लांडग्यासारखा पण लहान प्राणी) मूत्र आधी बागेसाठी नव्हतंच, उत्तर अमेरिकेत फरसाठी सापळे लावणारे लोक ते शिकारी प्राण्यांना सापळ्याकडे ओढायला वापरायचे. अंड्यांचंही तसंच, आंबवलेल्या अंड्यावर 1970च्या दशकात अमेरिकेत कोयोटीचं आमिष म्हणून काम झालं आणि तोच वास हरणांना नकोसा निघाला! जे मांसाहारी प्राण्याला बोलावतं तेच शाकाहाऱ्याला हाकलतं.

ह्याचं कारण 1994च्या एका प्रयोगात नीट दिसलं. कोयोटींना काही काळ मांस दिलं, काही काळ खरबूज दिलं, आणि दोन्ही वेळचं मूत्र उंदीर, गिनीपिग वगैरेंच्या खाण्याजवळ ठेवलं. मांस खाल्ल्यावरच्या मूत्राला ते जास्त टाळत होते, आणि त्यातली गंधकाची संयुगं काढून टाकली की परिणाम कमी व्हायचा. म्हणजे प्राणी कुठला ह्यापेक्षा त्याने काय पचवलंय हे महत्त्वाचं, आणि गंधक तर कुजलेल्या अंड्यातही भरपूर असतं. 2011मध्ये मांसाहारी प्राण्यांच्या मूत्रात भरपूर आढळणारं फेनिलएथिलअमीन हे रसायन आणि ते ओळखणारा उंदराच्या नाकातला रिसेप्टरही सापडला.

स्वीडनमध्ये रोपवनांसाठी वाळवलेल्या रक्ताचा स्प्रे निघाला तो 1990च्या दशकात, तो झाडाला चिकटून राहतो म्हणून जास्त टिकतो. नुसतं मूत्र पावसात धुऊन जातं, आणि वास येतोय पण शिकारी कधीच येत नाही हे जनावरांच्या लक्षात आलं की ती परत चरायला येतातच, भुकेली असतील तर अजून लवकर. शिवाय बाटलीतलं मूत्र बऱ्याचदा पिंजऱ्यात ठेवलेल्या प्राण्यांखालून गोळा केलेलं असतं, त्यामुळे मला स्वतःला अंड्याचा किंवा रक्ताचा स्प्रे कितीतरी बरा वाटतो.