साखर कंपन्यांचे संगनमत टिकते कसे?

कार्टेल, म्हणजे स्पर्धक कंपन्यांचे संगनमत, म्हटले की बंद खोलीत सह्या झालेला करार डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात कागदाची गरज नसते. परस्परांचा धाक पुरतो. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने फेब्रुवारी २०१४ मध्ये झ्यूडत्सुकर, नॉर्डत्सुकर आणि फायफर अँड लांगेन या तीन साखर कंपन्यांना एकूण सुमारे २८ कोटी युरो दंड ठोठावला, तो एकमेकींच्या पारंपरिक विक्रीक्षेत्रात न शिरण्याची समजूत अनेक वर्षे पाळल्याबद्दल.

ही समजूत कोणी मोडत का नाही? समजा, प्रत्येक कंपनी आपल्या क्षेत्रात वर्षाला १०० एकक नफा मिळवते. एकीने भाव किंचित उतरवून तिन्ही क्षेत्रे बळकावली, तर त्या वर्षी तिला जवळपास ३०० मिळतील. पण पुढे शिक्षा म्हणून भावयुद्ध पेटून सर्वांचाच नफा शून्यावर येईल. पुढील वर्षीच्या एका युरोचे आजचे मोल 'क' मानले, तर समजूत पाळण्याचा एकूण लाभ १०० ÷ (१ − क) होतो आणि क किमान २/३ असेल तरच तो ३०० ला पुरून उरतो. कंपन्या ३० असत्या, तर हीच अट २९/३० इतकी कडक झाली असती. त्यात तेथे साखर ज्यापासून बनते ते बीट काढल्यानंतर त्यातील साखर घटू लागते, म्हणून कारखाने शेतांजवळ उभे राहतात आणि क्षेत्रे जणू आधीच आखलेली असतात. शिवाय २०१७ पर्यंत युरोपीय संघाचा उत्पादनकोटा असल्यामुळे ३०० चा मोहही आटोक्यात राही (कोट्यामुळे शिक्षेची धारही बोथट होते, हे मान्य). बाजार आपोआप सारे सुरळीत करतो, या श्रद्धेला अंगाऱ्याइतकाच आधार आहे.

शिक्षेचा धाक मात्र पोहोचवावा लागतो. २००५ च्या अखेरीपासून नॉर्डत्सुकरच्या स्लोव्हाक उपकंपनीची साखर ऑस्ट्रियात, म्हणजे झ्यूडत्सुकरच्या आग्राना या उपकंपनीच्या बाजारात, येऊ लागली. फेब्रुवारी २००६ मध्ये झ्यूडत्सुकरच्या विक्रीप्रमुखाने नॉर्डत्सुकरच्या विक्रीप्रमुखाला फोन करून तक्रार केली आणि जर्मन बाजारात त्याचे परिणाम होऊ शकतील, असे सूचित केले. स्पर्धकाच्या वागणुकीवर प्रभाव टाकू पाहणारा असा संपर्क निषिद्ध असल्याचे युरोपीय न्यायालयाने १९७५ मध्ये, साखरेच्याच खटल्यात, सांगितले होते.

नियामकाचे हत्यार हेच गणित उलटवते : आधी कबुली देणाऱ्याला दंडातून सूट. म्हणूनच ऑस्ट्रियाच्या नियामकाने कबुली देणाऱ्या नॉर्डत्सुकरविरुद्ध दंड मागितला नाही, झ्यूडत्सुकरविरुद्ध मागितला. पण त्या फोनची दखल जर्मनीतील निर्णयातही होती, मग एकाच कृत्याला दोनदा शिक्षा होते काय? मार्च २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने उत्तर दिले की, पहिल्या निर्णयाने ऑस्ट्रियाच्या बाजारापुरता नियमभंग ठरवलेला नसेल, तर तेथील कारवाईला आडकाठी नाही.