होडीचा ट्रेलर गॅरेजमध्ये लावणे

मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरवरील शिडाची किंवा यांत्रिक होडी घराच्या अरुंद गॅरेजमध्ये मागे घेऊन लावण्याची ही कृती आहे. मुंबईत तिचे प्रसंग मुख्यतः मे महिन्याच्या अखेरीस येतात, कारण पावसाळा तोंडावर आला की बंदरातील शिडांच्या होड्यांचा हंगाम संपतो. कोळीवाड्यांतही याच सुमारास, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळासाठी, होड्या किनाऱ्यावर घेऊन शाकारल्या जातात. मात्र तेथे उधाणाच्या भरतीची आणि अनेक हातांची मदत असते. होडी घरी नेणाऱ्या हौशी नाविकाला ती सोसायटीच्या फाटकातून, कुंपणालगतच्या बोळातून आणि इमारतीच्या खांबांमधून न्यावी लागते. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून असलेल्या या शहरात हौशी नौकानयन जुने आहे. घरी होडी ठेवण्यापुरती जागा मात्र दुर्मीळ आहे.

शिवाजी पार्क, माटुंगा या भागांतील काही जुन्या इमारतींच्या मागे गॅरेजांची रांग असते. तेथे ट्रेलरला इमारतीच्या बाजूच्या बोळातून सरळ मागे जाऊन शेवटी काटकोनात वळावे लागते, आणि खरी अडचण त्या वळणावरच येते. नव्या इमारतींत बहुधा खांबांवरील तळमजल्यातील पार्किंग मिळते. अशी जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईतील एका सोसायटीच्या प्रकरणात दिला. त्यामुळे तेथे ट्रेलर ठेवायचा असेल तर सोसायटीची संमती आधी घेतलेली बरी. रस्त्यावरून ओढला जाणारा ट्रेलर मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार स्वतःच एक मोटार वाहन ठरतो.

मोजमाप होडीचे न घेता संपूर्ण ट्रेलरचे घ्यावे, म्हणजे मोटारीला जोडायच्या पुढच्या दांडीच्या टोकापासून होडीच्या मागे निघालेल्या सुकाणूच्या किंवा इंजिनाच्या शेवटापर्यंत. मोटारीसाठी २.५ मीटर रुंद व ५.५ मीटर लांब अशी जागा धरली, तर ४.२ मीटर लांब आणि १.६३ मीटर रुंद असलेली ४२० वर्गाची (दोघांनी चालवायची छोटी शिडाची) होडी दांडीसह तिच्यात जेमतेम सामावते. होबी १६ या जोडहोडीची रुंदीच २.४१ मीटर असल्याने तिच्या दोन्ही बाजूंना मिळून अवघे ९ सेंटिमीटर उरतात. ती आडवी कलती ठेवण्याची सोय असलेला ट्रेलर नसेल तर तो नाद सोडावा. लांबी थोडीशीच कमी पडत असेल तर ट्रेलर किंचित तिरका लावता येतो, कारण दांडी अरुंद असते आणि दाराजवळच्या कोपऱ्यात सहज शिरते. दुमडणारी किंवा काढता येणारी दांडी असल्यास हा प्रश्न उरतच नाही.

मागे घेताना नवख्या चालकाचा गोंधळ उडतो तो उलट्या दिशेमुळे. गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकला की दांडीचे टोकही उजवीकडे जाते आणि ट्रेलरची मागची बाजू डावीकडे वळते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे स्टिअरिंग तळाशी धरणे. तेथे धरलेला हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलर वळतो. कोन पडू लागल्यावर स्टिअरिंग तसेच धरून ठेवले तर कोन वाढत जातो आणि अखेर गाडी व ट्रेलर कात्रीप्रमाणे मिटतात, ज्यात दांडी वाकते किंवा गाडीचा बंपर फुटतो. म्हणून हवा तेवढा कोन मिळताच स्टिअरिंग उलट फिरवून गाडीला ट्रेलरच्या मार्गावर आणावे लागते. एका मर्यादेपलीकडे कोन गेला की मागे घेत राहून तो कमी होत नाही. पुढे जाऊन सरळ होणे एवढाच मार्ग उरतो, आणि ते लवकर करण्यात कमीपणा नाही. लहान ट्रेलर सोपा असतो ही समजूत चुकीची आहे. हूक आणि चाके यांतील अंतर जितके कमी, तितका ट्रेलर चटकन वळतो आणि चूक सुधारायला वेळ मिळत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने उजवीकडे वळणारा ट्रेलर त्याला खिडकीतून दिसतो, तर डावीकडे वळणारा आरशातून निसटतो. दोन्ही बाजूंनी येणे शक्य असेल तर गॅरेज उजव्या हाताला येईल असेच यावे.

मागे उभा राहणारा मदतनीस एकच असावा. चारजण एकदम ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडू लागले की चालक कोणाचेच ऐकू शकत नाही. बेस्टच्या बसमधील संकेत येथेही चालतो: ट्रेलरवर एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे चला.

मुंबईतील बहुतेक जागांत मोटारीचे काम गॅरेजच्या अलीकडे काही मीटरवर संपलेले बरे. हूक सोडून ट्रेलर हाताने ढकलला तर एका आसाचा ट्रेलर आपल्या चाकांभोवती जागच्या जागी वळतो आणि मोटारीला लागणारी वळणाची जागा वाचते. दोन आसांच्या ट्रेलरचे टायर मात्र फरशीवर घासून अडतात. एकूण ५०० किलो वजनाचा ट्रेलर सपाट काँक्रीटवर ढकलायला साधारण ५ ते १० किलोंइतका जोर पुरतो. गॅरेजच्या तोंडाशी दहास एक चढ असेल तर त्यात ५० किलोंची भर पडते, आणि ढकलणारे उताराच्या बाजूलाच उभे असतात. त्यासाठी मागच्या भिंतीत पक्की कडी बसवून कप्पी-दोराने ट्रेलर ओढावा आणि एकाने लाकडी गुटका चाकाला लावतच पुढे सरकावे. दांडीवर सहसा एकूण वजनाचा दहावा हिस्सा असतो. तो सगळा दांडीखालच्या छोट्या चाकावर येतो आणि ते चाक आवारातील गटाराच्या जाळीत नेमके अडकते. जाळीवर जाड प्लायवूडची फळी टाकल्यास ते बिनबोभाट पार होते. दांडी वर उचलली की होडीची मागची बाजू खाली जाते, म्हणून दाराच्या तुळईखालून होडी काढताना याच चाकाचा स्क्रू फिरवून काही सेंटिमीटर मिळवता येतात. डोलकाठी मात्र क्लबातून निघतानाच उतरवलेली असावी.

ट्रेलर जागेवर आल्यावर चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावतात आणि होडी ट्रेलरला पट्ट्यांनी बांधतात. सखल भागात या बांधण्याला विशेष महत्त्व आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शहराच्या अनेक भागांत तळमजले पाण्याखाली गेले. हलकी होडी थोड्याच पाण्यात तरंगते. पाणी ट्रेलरच्या चौकटीच्या वर चढले की न बांधलेली होडी सुटून गॅरेजच्या भिंतींवर आपटू लागते. मागच्या भिंतीतील कडीला दोर बांधून ठेवल्यास ट्रेलरही जागचा हलत नाही.