अवांतर चर्चा (ऑनलाइन छंदगटांतील)

एखाद्या छंदासाठी जमलेल्या ऑनलाइन गटात त्या छंदाशी संबंध नसलेले जे बोलणे चालते, त्याला अवांतर चर्चा म्हणतात. एका विषयावरच्या संदेशांच्या साखळीला धागा म्हणतात; मूळ विषय सुटून बोलणे दुसरीकडे गेले की 'धागा भरकटला' असे म्हणण्याची पद्धत आहे. मराठी चर्चांत पुष्कळदा लिहिणारा आधी 'अवांतर' हा शब्द टाकतो आणि मगच मनातले लिहितो. वाचणाऱ्याला त्यातून सूचना मिळते आणि थोडी परवानगीही मागितली जाते. हे सौजन्य साधे असले तरी पुढे वर्णन केलेल्या कित्येक तांत्रिक उपायांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सगळे अवांतर एका जातीचे नसते. कॅमेऱ्याच्या भिंगावरून बोलता बोलता सहलीच्या आठवणी निघाल्या, तर तो गप्पांचा स्वाभाविक ओघ असतो. सुप्रभातचे संदेश, शुभेच्छा आणि आलेले तसेच पुढे ढकललेले मजकूर यांची गोष्ट वेगळी आहे. ते त्या गटात जन्मलेले नसतात, बाहेरून येऊन पडतात. तिसरा प्रकार राजकारण, धर्म अशा विषयांवरच्या ठिणगीचा. तिथे छंद बाजूला राहतो आणि माणसे एकमेकांवर उठतात. तिन्हींना एकच नियम लावला की पहिल्या प्रकारातल्या निरुपद्रवी माणसांवर अन्याय होतो.

अवांतराची खरी किंमत उत्तराची वाट पाहणारा माणूस मोजतो. मत्स्यालयाची आवड असलेल्यांचा एक गट डोळ्यांपुढे आणावा. नवा सदस्य सकाळी विचारतो, 'टाकी लावून आठवडा झाला, पाणी दुधाळ दिसतंय, मासे वर येऊन तोंड उघडतायत. काय करू?' दोघे अनुभवी सदस्य लगेच सांगतात, की नव्या टाकीत जिवाणू एकदम वाढले की पाणी असे होते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, आधी अमोनिया मोजा. तेवढ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात. पाठोपाठ फुले, केकची चित्रे, आभार. दुपारी विचारणारा आकडा टाकतो: अमोनिया २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग). माशांच्या जिवावर बेतणारा हा आकडा आहे आणि टाकीतले बरेचसे पाणी ताबडतोब बदला, हे सांगू शकणारी माणसे गटात हजर आहेत. पण ती एक ओळ शुभेच्छांच्या गर्दीत वर सरकून जाते आणि रात्रीपर्यंत कुणाच्या नजरेस पडत नाही. शुभेच्छा देणाऱ्यांचे मन चांगलेच होते; फक्त जागा चुकली. महिन्यांनंतर हाच प्रश्न घेऊन शोध घेणाऱ्यालाही ते उत्तर त्याच ढिगातून उपसावे लागते.

हा प्रश्न इंटरनेटवरच्या चर्चांइतकाच जुना आहे. १९७९ मध्ये कल्पना सुचून १९८० मध्ये सुरू झालेल्या यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर गट इतके वाढले, की १९८६-८७ मध्ये सगळ्यांची नावे बदलून फेरमांडणी करावी लागली. त्यात छंद आणि करमणुकीसाठी 'रेक', तर न संपणाऱ्या वादांसाठी 'टॉक' अशा वेगळ्या शाखा झाल्या. वादाचे गट एका शाखेत आले की संदेश साठवणाऱ्या ज्या संगणक-केंद्रांना त्यांचा खर्च नको त्यांना ते सहज वगळता यावेत, हाही त्यामागचा एक विचार होता. ऑक्टोबर १९९५ मधल्या 'आरएफसी १८५५' या शिष्टाचार-पत्रिकेत विषय सोडून भरकटू नका असे स्पष्ट लिहिले आहे. नव्याने आलेल्याने काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसते वाचावे, हाही सल्ला त्यात आहे. त्याआधी दर सप्टेंबरला विद्यापीठांतून नवे विद्यार्थी यूजनेटवर येत आणि काही आठवड्यांत तिथली रीत शिकत. १९९३ नंतर नव्यांचा ओघ थांबेनाच, म्हणून त्या काळाला 'न संपणारा सप्टेंबर' असे नाव पडले. रीत शिकवणारे थोडे आणि शिकणारे फार झाले की गट कसा हेलकावतो, ते या नावात नेमके आले आहे.

मग अवांतर सरसकट बंद का करू नये? मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच दाखवले होते, की माणसे पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नव्हे, तर एकमेकांशी नाते टिकवण्यासाठी करतात. ऑनलाइन गटांबाबत युकिंग रेन, रॉबर्ट क्राउट आणि सारा कीस्लर यांनी २००७ मध्ये मांडलेला विचार इथे फार कामाचा आहे. काही सदस्य विषयाच्या ओढीने गटात राहतात, काही तिथल्या माणसांच्या ओढीने. अवांतर गप्पांनी दुसरी ओढ घट्ट होते, पण पहिल्या प्रकारचे सदस्य कंटाळून निघून जाऊ शकतात. गटाला दोघेही हवे असतात. विषयाने बांधलेली माणसे ज्ञान आणतात; माणसांनी बांधलेली माणसे नव्याच्या त्याच त्या प्रश्नाला दहाव्यांदाही प्रेमाने उत्तर देतात.

म्हणून सर्वात टिकाऊ उपाय म्हणजे गप्पांना त्यांची स्वतःची जागा देणे. कुणी तिला कट्टा म्हणते, कुणी गप्पांचे पान. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर त्यासाठी वेगळी वाहिनी करता येते, टेलिग्रामच्या मोठ्या गटांत २०२२ पासून विषयवार कप्पे करता येतात, व्हॉट्सअॅपवर त्याच वर्षी आलेल्या कम्युनिटीखाली वेगळा गट ठेवता येतो. डिस्कोर्स या चर्चापीठ चालवण्याच्या प्रणालीत भरकटलेले प्रतिसाद उचलून नव्या धाग्यात नेता येतात. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाची पद्धत आणखी वेगळी: तिथे प्रतिसादावर 'अवांतर' असा शेरा मारून त्याचे गुण कमी करतात आणि उणे १ ते अधिक ५ या पट्टीवर किती गुणांपासूनचे वाचायचे हे वाचक ठरवतो. काहीही खोडले जात नाही, हा तिचा मोठा गुण. संदेशांमध्ये सक्तीचे अंतर ठेवणारा 'स्लो मोड' भांडण थंडावण्यापुरता चांगला. रोजच्या वापरात तो सरळ प्रश्न विचारणाऱ्यालाही ताटकळत ठेवतो. फक्त अॅडमिनने लिहावे, ही २०१८ पासून व्हॉट्सअॅपवर असलेली सोय तर छंदगटासाठी बहुधा चुकीचीच आहे, कारण तिने अवांतराबरोबर प्रश्नही थांबतात आणि गटाचा सूचनाफलक होतो.

जागा केली तरी तिथे माणसांना न्यावे लागते, आणि ते कसे सांगितले यावर बरेच अवलंबून असते. 'नियम वाचा' असे पाच जणांनी बजावले की ते पाच प्रतिसाद स्वतःच अवांतर होतात आणि मूळ प्रश्न आणखी वर जातो. ज्याला टोकले तो गप्प होतो, कधी कायमचा. याउलट गटाच्या संचालकाने (अॅडमिनने) एकट्याने, एकदाच लिहावे: 'सहलीच्या गप्पा छान रंगल्यात, त्या कट्ट्यावर हलवल्या आहेत, दुवा खाली आहे. इथे भिंगाबद्दल पुढे बोलू.' कुणाचा पाणउतारा होत नाही, लिहिलेले वाया जात नाही आणि वाचणाऱ्याला दोन्हीकडची वाट सापडते. वारंवार तेच करणाऱ्याशी खासगीत बोलावे. संदेश न सांगता काढून टाकण्याची वेळ पुढे ढकललेल्या मजकुरांपुरती आणि शिवीगाळीपुरतीच यावी.

काही प्रसंगी नियम बाजूला ठेवावाच लागतो. जुन्या सदस्याच्या निधनाची बातमी मुख्य धाग्यावरच येते आणि तिथेच राहते. ती कट्ट्यावर हलवण्याचे कुठल्याही चांगल्या संचालकाच्या मनातही येत नाही. त्या दिवशी रोपे, दुर्बिणी, तिकिटे यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. ज्याने कधीकाळी आपल्याला पहिले उत्तर दिले होते, त्याच्याबद्दल लोक लिहीत राहतात.