प्राण्यांची रंगदृष्टी आणि छायाचित्रण

छायाचित्रातील रंग माणसाच्या डोळ्याला अनुसरून ठरवलेले असतात. त्यामुळे तेच दृश्य इतर प्राण्यांना कसे दिसते, याचा पुरावा म्हणून साधे छायाचित्र ग्राह्य धरता येत नाही. माणसाच्या दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकुपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) असून त्या सुमारे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी याच दृष्टीला जुळवून घेतलेली आहे. कोडॅक या कॅमेरा कंपनीतील ब्राइस बेयर यांनी १९७० च्या दशकात योजलेल्या या जाळीत हिरव्या गाळण्या दुप्पट असतात, कारण बारीक तपशील टिपताना माणसाची नजर याच पट्ट्यातील प्रकाशावर अधिक विसंबते. अतिनील किरण बहुतांशी भिंगाच्या काचेत आणि संवेदकापुढील गाळणीत अडतात.

मधमाशीचे जग नेमके इथेच निसटते. तिचेही रंगग्राही तीनच, पण ते अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे. तिला रंग ओळखता येतात, हे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी करड्या छटांच्या कागदांत एक निळा कागद ठेवून आणि त्यावर साखरपाण्याची सवय लावून १९१४ च्या सुमारास दाखवून दिले. छायाचित्रात सरसकट पिवळ्या दिसणाऱ्या सूर्यफुलाच्या पाकळ्या टोकाकडे अतिनील प्रकाश परावर्तित करतात व बुडाशी तो शोषून घेतात. परिणामी फुलाच्या मध्याभोवती मधमाशीला एक गडद कडे दिसते. नोंदच न झालेला हा प्रकाश नंतरच्या कोणत्याही संस्करणाने परत मिळवता येत नाही.

हरणांची गोष्ट उलट आहे. त्यांच्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असल्याने ताडोबाच्या छायाचित्रात उठून दिसणारा वाघाचा नारिंगी रंग त्यांच्या नजरेत हिरवळीत मिसळून जातो. इथे छायाचित्रात गरजेपेक्षा जास्त माहिती असते, त्यामुळे संगणकावर तिचे स्थूल रूपांतर शक्य होते. पक्ष्यांच्या बाबतीत ही सोयही नाही: बहुतेक दिनचर पक्ष्यांना चार प्रकारच्या शंकुपेशी असतात. युरोपातील ब्लू टिट पक्ष्याचे नर-मादी आपल्याला जवळजवळ सारखे वाटतात, पण नराच्या डोक्यावरील तुरा अतिनील प्रकाश अधिक परावर्तित करतो. शिवाय पडदा तीनच रंगांचे मिश्रण दाखवतो, म्हणून आपल्याला हुबेहूब वाटणारे चित्र पक्ष्याला रंगांच्या दृष्टीने चुकीचे वाटणे स्वाभाविक आहे. पडद्यावरील चित्रे दाखवून केलेल्या प्रयोगांचा अर्थ लावताना हे विसरून चालत नाही.

अतिनील व दृश्य प्रकाश वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपून प्राण्याच्या ग्राहींना मिळणारे संकेत मोजणारी चलचित्रण पद्धत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही अतिनील भाग माणसाला दिसावा म्हणून उसन्या रंगांत दाखवावा लागतो.