काटा पडला म्हणून पंप बदलू नका

माझ्या मामेभावाने गेल्या दिवाळीत जुन्या डिझेल जीपचं इंजिन पूर्ण बांधून घेतलं. बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) ग्राइंडिंग, नवी बेअरिंगं. सुटे भाग नाना पेठेतून आणले. सकाळी गाडी स्टार्ट केली की ऑइल गेजचा काटा ६० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब). कात्रजचा घाट चढून वर थांबलो, इंजिन आयडलिंगला आलं, आणि काटा ६ वर. मिस्त्री म्हणाला, "दादा, पंप गेला." नवा पंप बसवला. काटा ८ वर आला!

पंप ऑइलचा दाब तयार करतो, हा समज फार खोल रुजलेला आहे. पंपाचं काम तेल ढकलण्याचं. गिअर पंपात दातांमधल्या खोबणीत मावेल तेवढं तेल दर फेऱ्याला पुढे जातं, बस. दाब येतो तो त्या तेलाला पुढे वाट किती अरुंद आहे त्यावरून. सोसायटीत सकाळी पाणी येतं तेव्हा खालच्या मजल्यांवरचे नळ सताड उघडे असले की वरच्या मजल्यावरची धार करंगळीएवढी होते. मोटर तीच, पाइप तोच. इंजिनात हे नळ म्हणजे बेअरिंगं: क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) आणि बेअरिंगचा शेल (त्याभोवतीची पातळ वाटी) यांच्यामधली फट, जिच्यातून तेल सतत बाजूने बाहेर पडून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, परततं.

सकाळचे ६० पाहून खूश होण्यातही अर्थ नाही. थंड तेल घट्ट असतं, दाब वाढत जातो आणि एका मर्यादेला रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग दबून जादा तेल परत पाठवते. म्हणजे ते ६० त्या स्प्रिंगचे. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं तेल ४० अंश सेल्सिअसला जितकं घट्ट असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकंच १०० अंशांना उरतं. खरी परीक्षा घाटाच्या माथ्यावर.

आता ती फट. मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं ते तिचं गणित. दोन भिंतींमधून तेल वाहतं तेव्हा भिंतीला चिकटलेला थर तिथेच थांबतो आणि मधला थर सर्वांत वेगाने जातो. फट दुप्पट केली तर भिंतींची ओढ मधल्या थरापासून लांब जाते आणि वेग चौपट होतो. शिवाय वाहायला जागाही दुप्पट. चार गुणिले दोन, आठ. म्हणजे गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. साधारण ०.०५ मिलिमीटरची फट ०.०६३ झाली की तेवढ्याच दाबाला गळती दुप्पट! हा फरक केसाच्या जाडीच्या पाचव्या भागाएवढा आहे. पंप मात्र दर फेऱ्याला तेवढंच तेल देतो, मग दाब खाली येणारच.

आम्ही आधी स्वस्तातल्या गोष्टी पाहिल्या: दुसरं गेज लावलं, रिलीफ व्हॉल्व्ह काढून पुसला, चेंबरमधली जाळी आणि तिचा जोड तपासला, गॅलरीचा, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेचा, एखादा प्लग बसवायचा राहिला नाही ना ते पाहिलं. मग मेन बेअरिंगच्या कॅप खोलून प्लास्टिगेज ठेवलं. हा मेणासारख्या मऊ प्लास्टिकचा दोरा. कॅप नेमक्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळली की तो चेपतो आणि किती रुंद झाला त्यावरून फट कळते. मधल्या दोन जर्नलना ०.०८ निघाले, हवे होते ०.०५. घनाच्या हिशेबाने तिथली गळती चौपट. ग्राइंडिंगच्या वेळी ते जास्त घासले गेले होते आणि मोजल्याशिवाय बसवले गेले होते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. क्रँकला उचलून धरतो तो पंपाचा दाब नव्हे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या ॲक्सल बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर त्यातून तेल वर येऊ लागलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही उडाली. मग गेज लावलं. बेअरिंगवरचा सरासरी भार १०० पीएसआय होता आणि काटा २०० च्या पलीकडे, गेजच्या टोकाला गेला. तिथे पंप नव्हताच. फिरणारा दांडा थोडा एका बाजूला सरकतो, फट पाचरीसारखी निमुळती होते आणि दांडा स्वतःच तेल त्या पाचरीत ओढून दाब तयार करतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं समीकरण मांडलं. पंपाने फक्त त्या पाचरीला तेल कमी पडू द्यायचं नाही. दोन बेअरिंगं सगळं तेल सांडू लागली, तर टोकाच्या बेअरिंगची पाचर उपाशी राहते, काळजी त्याची.

पहिल्या स्टार्टला चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, आणि काटा पडल्यावर घरात दृष्ट लागल्याची चर्चा झाली. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मोजण्याचं साधन हाताशी असताना माणूस मोजणं सोडून देतो. 'ऑइल प्रेशर वाढवणाऱ्या' बाटल्यांचंही तसंच. त्या तेल घट्ट करतात, काटा वर येतो, फट आहे तेवढीच राहते.

क्रँक पुन्हा घासून २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाईज, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीची, बेअरिंगं बसवली, या वेळी प्रत्येक जर्नल मोजून. पंप बसवण्याआधी त्यात तेल भरलं. कोरडा पंप नुसती हवा घुसळत बसतो, कारण दातांच्या बारीक फटींतून हवा मागे निसटते. तेलाने त्या बुजल्या की मगच तो चेंबरमधून तेल वर घेतो. मग स्टॉपची नॉब ओढून धरली, म्हणजे डिझेल बंद, आणि दहा-दहा सेकंद नुसतं स्टार्टर मारलं. तिसऱ्या खेपेला काटा हलला. तेव्हा कुठे नॉब सोडली. संध्याकाळी कात्रजच्या माथ्यावर, गरम इंजिन, आयडलिंगला काटा १६ वर होता.