साइट उघडताच पॉपअप हवाय? लावण्याआधी एवढं वाचा

दिवाळीची सूट, नवी बॅच, दवाखान्याची सुट्टी असं काही आलं की तुमचा फोन येतो, "साइट उघडली की लगेच समोर दिसेल असं लावून द्या." आम्ही लावून देतो. पण हा पॉपअप, म्हणजे साइटवर आपोआप समोर येणारी चौकट, कसा आणि कधी दिसतो, यावर आलेलं गिऱ्हाईक थांबतं की परत फिरतं हे बरंचसं ठरतं.

पूर्वी पॉपअप म्हणजे वेगळी खिडकी असायची. लोक त्याला इतके वैतागले की ब्राउझरच तो अडवू लागले. इंटरनेट एक्सप्लोररमध्येही २००४ साली, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर, पॉपअप ब्लॉकर आला. कुठे बोट लावलेलं नसताना नवी खिडकी उघडायला गेलं तर आजचे ब्राउझर ती सहसा उघडू देत नाहीत. म्हणून आम्ही त्याच पानात चौकट ठेवतो. एचटीएमएल या, वेबपान रचायच्या भाषेतला 'डायलॉग' हा घटक मार्च २०२२ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी या सगळ्यांत चालतो. जावास्क्रिप्टनं, म्हणजे पानाला काम करायला लावणाऱ्या कोडनं, 'शो मोडल' ही आज्ञा दिली की चौकट वर येते, मागचं पान तेवढ्यापुरतं थिजतं आणि एस्केप दाबलं की ती बंद होते. दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही, थेट चौकटीतच पोचतो. आम्हाला ही सोय फार मोलाची वाटते.

आता वेळेचं. जावास्क्रिप्टमधली 'लोड' ही घटना पानावरचे फोटो उतरेपर्यंत थांबते. रेंज कमी असेल तर तोवर माणूस पान सरकवून तुमचा पत्ता शोधत असतो, आणि नेमकी तेव्हाच चौकट त्याच्यासमोर आदळते. त्यामुळे "आज दवाखाना बंद" अशी सूचना आम्ही पानाचा मजकूर तयार होताच, फोटोंची वाट न पाहता दाखवतो. सवलतीची जाहिरात मात्र निम्मं पान वाचून झाल्यावर. थोडं वाचलेल्या माणसालाच ती सवलत कशावर आहे ते कळतं.

मोबाइलवर चौकट पूर्ण पडदा व्यापणार नाही, हा आमचा आग्रह आहे. गूगलवरून आलेल्या वाचकाला मोबाइलवर मजकूर सहज दिसत नसेल तर ते पान शोधात मागे पडू शकतं. हा नियम १० जानेवारी २०१७ पासून लागू आहे. बंद करायची फुलीही अंगठ्यानं सहज दाबता येईल एवढी मोठी हवी.

एकदा बंद केलेली चौकट पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून तशी नोंद आम्ही त्या ब्राउझरच्या 'लोकल स्टोरेज'मध्ये, म्हणजे साइटची माहिती साठवायच्या जागेत ठेवतो. "आमच्याकडे पॉपअप दिसतच नाही" असे फोन बहुतेक वेळा यामुळेच येतात: तुम्ही तो आधी पाहून बंद केलेला असतो. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे जुन्या नोंदी न वापरणाऱ्या खिडकीत साइट उघडा, दिसेल.

आणि शेवटची तारीख. एका दवाखान्याच्या साइटवर गणपतीच्या सुट्टीची सूचना आमच्या हातून दिवाळीपर्यंत राहिली. त्या काळात किती पेशंट परत गेले असतील, याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून तारीख कोडमध्येच घालतो. ती उलटली की चौकट आपोआप थांबते.

पॉपअप हवा असेल तर दोन ओळींचा मजकूर, सुरू आणि बंद करायची तारीख, आणि चौकटीतलं बटण दाबल्यावर फोन लागावा की व्हॉट्सअॅप उघडावं, एवढं कळवा. मजकूर फोटोत लिहून पाठवू नका, टाइप करून पाठवा.