घड्याळ थांबतं ते पहिल्या धाग्यावर

रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या पीटी-आयएनआर तपासणीचा रिपोर्ट आता तालुक्याच्या लॅबमध्येही मिळतो. त्यातला आकडा मात्र गुठळीच्या पहिल्या काही सेकंदांचाच असतो. पुढे ती किती घट्ट झाली, विरघळली कधी, याचा त्यात पत्ता नसतो. असं का, हे या तपासण्या कशा घडत गेल्या ते पाहिलं की कळतं.

रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकलं तर ते गोठत नाही आणि परत घातलं की गोठतं, हे फ्रान्समध्ये आर्थस आणि पाजेस यांनी 1890 मध्ये दाखवलं. आजची निळ्या झाकणाची ट्यूब त्याच तत्त्वावर चालते: नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. रक्त खुणेपेक्षा कमी भरलं की सायट्रेट जास्त होतं आणि गोठायचा वेळ खोटाच वाढतो. म्हणून लॅबवाले असं सॅम्पल परत पाठवतात.

1935 मध्ये अमेरिकेत आर्मंड क्विक यांनी अशा कॅल्शियम बांधलेल्या रक्ताच्या प्लाझ्माला, म्हणजे पेशी काढून उरलेल्या द्रवाला, घड्याळ लावलं. 37 अंशांच्या पाण्यात नळी धरायची, सशाच्या मेंदूपासून केलेलं थ्रोम्बोप्लास्टिन (गोठणं सुरू करणारं द्रव्य) आणि कॅल्शियम घालायचं, आणि फायब्रिनचा, म्हणजे गुठळी विणणाऱ्या प्रथिनाचा, पहिला धागा दिसला की स्टॉपवॉच दाबायचं. साधारण बारा सेकंदांचा खेळ. हाच पीटी, म्हणजे प्रोथ्रोम्बिन टाइम. क्विक यांना वाटलं, आपण फक्त प्रोथ्रोम्बिन मोजतोय, म्हणजे ज्यापासून गुठळी करणारं थ्रोम्बिन बनतं ते प्रथिन. पण महायुद्धाच्या काळात ऑस्लोत पॉल ओव्रेन यांना अशी एक रुग्ण स्त्री सापडली की प्रोथ्रोम्बिन पुरेसं, तरी वेळ लांबलेला. त्यातून गोठण्याला लागणारा आणखी एक घटक, फॅक्टर पाच, हाती लागला. पुढे वॉरफरिनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा डोस ठरवायला हीच तपासणी सगळीकडे रूढ झाली. पण प्रत्येक थ्रोम्बोप्लास्टिनचे सेकंद वेगळे. ते एका मापात आणणारा आयएनआर जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये स्वीकारला.

हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजारात, मात्र क्विक यांची तपासणी नॉर्मल येते. ही उणीव 1953 मध्ये लँगडेल, वॅगनर आणि ब्रिंकहाउस यांनी पार्शियल थ्रोम्बोप्लास्टिन (थ्रोम्बोप्लास्टिनचा फक्त मेदाचा भाग) वापरून भरली. 1961 मध्ये त्यात केओलिन या पांढऱ्या मातीची भर पडली आणि एपीटीटी ही आजची तपासणी तयार झाली.

यात आपल्याकडच्या सापांचाही वाटा आहे. घोणशीचं विष हिमोफिलियाच्या रुग्णाचं रक्त गोठवतं, हे मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी 1934 मध्ये प्रसिद्ध केलं. हे विष फॅक्टर दहाला थेट जागं करतं, म्हणून ल्युपस अँटिकोॲग्युलंट (तपासणीतला वेळ लांबवणारी प्रतिपिंडं) शोधायला ते आजही पातळ करून वापरतात. फुरशाच्या विषातलं इकॅरिन प्रोथ्रोम्बिनवर काम करतं. तेही तपासणीत आलं. आणि याच सापांचा दंश झालेला माणूस ग्रामीण रुग्णालयात येतो तेव्हा कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोनेक मिलि रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. विषाने गोठवणारे घटक आधीच संपवले असतील तर रक्त पातळच राहतं. तसं दिसलं की प्रतिविष सुरू. नळी डिटर्जंटने धुतलेली असेल तर निष्कर्ष चुकतो. मला ही तपासणी महागड्या यंत्रांइतकीच मोलाची वाटते.

विरघळण्याची बाजू मागेच राहिली. स्ट्रेप्टोकोकस जंतू वाढवलेला द्रव माणसाची फायब्रिनची गुठळी वितळवतो, हे टिलेट आणि गार्नर यांना 1933 मध्येच दिसलं होतं. पण मोजायचं कसं? निरोगी प्लाझ्मातली गुठळी नळीत सहजासहजी विरघळतच नाही. विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनला अडवणारे घटक त्यात भरपूर असतात. म्हणून प्लाझ्मा पातळ करून, आम्ल घालून युग्लोब्युलिन या प्रथिनांचा साका काढायचा, म्हणजे अडवणारे घटक बहुतेक मागेच राहतात, आणि त्याचीच गुठळी करून बघत बसायचं. तास-दोन तास एका नळीवर नजर. गजबजलेल्या लॅबला हे परवडणं कठीणच होतं. हार्टर्ट यांच्या 1948 च्या थ्रोम्बोइलॅस्टोग्राफमध्ये गुठळीची घट्ट होण्यापासून सैल पडण्यापर्यंतची रेघ उमटायची, पण त्याला खरी मागणी आली ती 1980 च्या दशकात, यकृत प्रत्यारोपणाबरोबर.

आता संशोधनात प्लाझ्मात थ्रोम्बोप्लास्टिन किंवा थ्रोम्बिन, कॅल्शियम आणि टीपीए (प्लाझ्मिन तयार करून गुठळी विरघळवणारं द्रव्य) एकत्र घालतात. गुठळी होताना द्रव गढूळ होतो, विरघळताना पुन्हा नितळ. प्रकाश किती आरपार जातो ते यंत्र मोजत राहतं. मास्ट्रिख्टमध्ये हेमकर यांनी थ्रोम्बिन तयार होण्याचा आलेखच काढण्याची पद्धत बसवली. पहिला धागा दिसेपर्यंत एकूण थ्रोम्बिनपैकी जेमतेम पाचेक टक्केच बनलेलं असतं. उरलेलं स्टॉपवॉच थांबल्यावर. डी-डायमर ही रोजच्या वापरातली तपासणी गुठळी फुटल्याचे तुकडे मोजते, फुटण्याचा वेग नाही. तो वेग मोजणाऱ्या पद्धतींत टीपीए किती घालायचं, हे अजून प्रयोगशाळेगणिक बदलतं, आणि आयएनआरसारखं समान माप त्यांना मिळालेलं नाही.